लघवीच्या तक्रारी अंगावर काढू नका

महोदय,
सांगलीच्या बाजारात गोखरूची पूड ‘प्रोस्टेटवर’ (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या त्रासावर) ‘रामबाण’ म्हणून कागदाच्या पुडीत बांधून मिळते. साठी ओलांडलेले अनेक जण ती गुपचूप घेतात, कारण रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते हे घरात सांगायचा संकोच. याची फार काळजी वाटते. परदेशात याच तक्रारीसाठी ‘सॉ पाल्मेटो’ ही वनस्पती खपते. २००६ आणि २०११ मधील अमेरिकेतल्या चाचण्यांत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या रोजच्या मोठ्या मात्रेने तर प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचे तिथेच दिसून आले. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे म्हणूनच पटत नाही.

पालेभाज्या, शिजवलेला टोमॅटो जरूर खावा, वजन आटोक्यात ठेवावे. संध्याकाळनंतर चहा टाळला तर रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी तुंबते, हेही अनेकांना माहीत नसते. मात्र धार बारीक झाली किंवा लघवीत रक्त दिसले, तर पुडी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या आरोग्य पुरवणीत यावर मूत्ररोगतज्ज्ञांचा लेख द्यावा, ही विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, सांगली