थेंबभर पाणी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री दोनला आला होता, मी सकाळी पाहिला. "सलग तिसरा रविवार ड्यूटीत गेला पप्पा, आता मी नावापुरतीच कॅथलिक उरले." पुढे एक हसरा चेहरा टाकला होतास. तो हसण्यासाठी नव्हता, एवढं मला कळतं. फोनवर हे नीट बोलून होणार नाही. तू दमलेली असतेस आणि मी भाषण द्यायला लागतो, म्हणून पत्र लिहितोय.

आधी नियमाचं बोलून टाकू, ते लवकर आटपतं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, हे बंधन आहेच, ते मी पातळ करून सांगणार नाही. पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, आणि ती कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. तेही जमण्यासारखं नसेल आणि कारण गंभीर असेल, म्हणजे स्वतःचं आजारपण, घरातलं तान्हं मूल, रुग्णांची सेवा, तर ख्रिस्तसभा स्वतःच आपल्याला त्या दिवसापुरतं मोकळं करते. येशूने वाळलेल्या हाताचा माणूस शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, भर सभास्थानात बरा केला, आणि त्यावर चिडले ते नियम काटेकोर पाळणारेच होते. तेव्हा वॉर्ड सोडून चर्चमध्ये पळ, असं तुला कुणी सांगत नाही. फक्त ज्या रविवारी ड्यूटी नव्हती आणि तू नुसती लोळत पडलीस, तो रविवार ड्यूटीच्या खात्यात मांडू नकोस. असा एखादा असेलच. मी तुझा बाप आहे.

पण तुला टोचतंय ते नियमाचं नाही असं मला वाटतं. मिस्सा हुकली की आठवड्यातलं देवाचं तेवढंच काम हुकलं आणि उरले सहा दिवस रिकामे, असं तुझ्या मनात बसलंय. माझ्याही मनात कित्येक वर्षं हेच होतं. ते कसं निघालं ते सांगतो, पण त्याआधी एक छोटी गोष्ट.

मिस्सेत भाकरी आणि द्राक्षारस वेदीवर ठेवतात, त्या अर्पणविधीच्या वेळी तू काय पाहतेस? बहुतेक जण दानपेटीसाठी खिसे चाचपत असतात, गायकमंडळ गात असतं. त्या गडबडीत वेदीवर फादर चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा एखादा थेंब टाकतात. त्या वेळची प्रार्थना ते हळू आवाजात म्हणतात, म्हणून ती आपल्या कानांवर सहसा येत नाही. तिचा आशय असा : आमच्या मानवपणात सहभागी होण्यासाठी जो नम्र झाला, त्याच्या देवपणात आम्हांला या पाण्याच्या आणि द्राक्षारसाच्या रहस्याने वाटा मिळो. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी या थेंबावर एक लांबलचक पत्र लिहिलं. काही ठिकाणी चषकात नुसतं पाणीच वापरायची रीत पडली होती, ती त्यांना मोडायची होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त आणि पाणी म्हणजे आपण माणसं. नुसता द्राक्षारस अर्पण केला तर ख्रिस्त आपल्यावाचून राहतो, नुसतं पाणी अर्पण केलं तर आपण ख्रिस्तावाचून. एकदा मिसळल्यावर मात्र दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. हेच सिप्रियन पुढे, 258 मध्ये, आपल्या श्रद्धेसाठी मारले गेले.

तू दिवसभर सलाईनचे थेंब मोजतेस, म्हणून तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. एका थेंबाने काय होतं, हा प्रश्न तू विचारणार नाहीस.

आता माझी गोष्ट. ही तुझ्या आईला माहीत आहे, तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. मला नोकरीत पाच-सहा वर्षं झाली होती आणि कामासाठी वारंवार दौरे असायचे. मी बसने जायचो आणि टॅक्सीचं बिल लावायचो. सगळेच लावायचे, निदान मी स्वतःला तसं सांगायचो. त्याच काळात मी रविवार चुकवत नव्हतो, मिस्सेत बायबलची वाचनंही करायचो, आणि घरी रोजची रोझरीची जपमाळ कधी मोडली नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. ईस्टरआधीच्या एका प्रायश्चित्तकाळात कन्फेशनला, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली द्यायला गेलो आणि नेहमीची यादी म्हटली : राग केला, लहानसहान खोटं बोललो, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. जाळीपलीकडच्या फादरांनी विचारलं, "लहानसहान खोटं म्हणजे कुठलं?" आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी बिलांचं सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग ते पैसे परत केलेत का?"

मला वाटलं होतं तीन 'नमो मारिया' प्रार्थना म्हणून सुटेन. पण चोरीची क्षमा मागायची आणि चोरलेलं खिशात ठेवायचं, असं आपल्याकडे चालत नाही. बायबलमधल्या त्या जकातदार जक्कयचं आठवतं ना? तो नुसता रडला नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणाला. मी घाबरून विचारलं, म्हणजे साहेबांसमोर जाऊन कबूल करू? फादर म्हणाले, आपली बदनामी आपणच करून घ्यायची सक्ती नाही, गुपचूप परत केलं तरी चालेल, पण परत करायचं. मग मी एक हिशेब मांडला आणि जवळजवळ वर्षभर खऱ्या दौऱ्यांची खरी बिलंसुद्धा लावली नाहीत. हिशेब विभागातला माणूस एकदा हसून म्हणाला, तुम्ही पायी फिरता का हो? तुझ्या आईने महिनाअखेरीला विचारलं की पैसे कमी का पडतात, तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "बरं झालं विचारलं त्यांनी."

त्या वर्षी पहिल्यांदा मला त्या थेंबाचा अर्थ लागला. तोवर मी वेदीकडे जे घेऊन जायचो तो इस्त्रीचा शर्ट घातलेला रविवारचा माणूस होता. आता त्या भरलेल्या, न लावलेल्या बिलांचं काहीतरी माझ्या हातात होतं. म्हणजे खरंच काहीतरी. भाकरीवर प्रार्थना करताना 'मानवी श्रमाचं फळ' असे शब्द येतात. माझ्या श्रमातच खोट असेल, तर मी तिथे नेमकं काय ठेवत होतो?

म्हणून, मागे तू ते चार्टचं सांगितलंस तेव्हा मी फोनवर गप्प झालो होतो. चारची वेळ टळून गेली, बीपी घेतलं नाही, मग मागच्या आकड्याच्या जवळपासचा आकडा लिहून टाकायचा, सगळ्याच लिहितात. तू म्हणालीस, मी नाही लिहीत, मी 'घेतलं नाही' असं लिहिते आणि इन्चार्ज सिस्टरांची बोलणी खाते. अगं, ती तुझी त्या दिवसाची मिस्सा नव्हे, असं कोण म्हणेल? थांब, हे वाक्य चुकलं. मिस्सेची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही, चार्टही नाही. पण चषकात पडणारा तुझा थेंब म्हणजे हाच. पुढच्या वेळी चर्चमध्ये गेलीस की तो बरोबर ने. 'मिस्सा' हा शब्दच मुळी शेवटच्या निरोपातून आलाय, लॅटिनमध्ये 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे जा, पाठवणी झाली. आपण त्याला आटपल्याची घंटा समजतो आणि चपलांकडे धावतो.

इन्चार्ज सिस्टरांबद्दल तू बरंच लिहिलंस. मी काही उपदेश करणार नाही, त्या मलाही नुसत्या ऐकूनच नकोशा झाल्या आहेत. लिझ्यूच्या संत तेरेसेचं एक तेवढं सांगतो. मठात प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत चमत्कारिक आवाज करायची. तेरेसेला तो आवाज इतका असह्य व्हायचा की अंगाला घाम फुटायचा. मागे वळून रागाने पाहावं असं फार वाटायचं. तिने ठरवलं की हा आवाज एखादं सुंदर संगीत असल्यासारखा ऐकायचा, आणि ते ऐकणंच प्रार्थना म्हणून देवाला द्यायचं. तो घाम मला फार आवडतो. तिला राग येतच नव्हता असं कुणी सांगितलं असतं, तर मी ते चरित्र बाजूला ठेवलं असतं. ही मुलगी चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, शेवटचं दीड वर्ष श्रद्धेच्या काळोखात काढून, आणि 1997 मध्ये ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडित म्हणून मान दिला. म्हणजे प्रार्थना कोरडी जाते, काही जाणवत नाही, अशी तुझी जी तक्रार असते, तिच्यात तू एकटी नाहीस.

आणि तुमच्या परिचारिकांचे आश्रयदाते, संत कामिल्लो. तुमच्याकडे त्यांची तसबीर असेल तर बघ, अंगरख्यावर लाल क्रूस असतो. तरुणपणी हा सैनिक होता, जुगारी होता, सगळं हरून बसला होता. पायाला अशी जखम की जन्मभर भरली नाही. त्या जखमेमुळेच त्याला संन्यासी संघातून परत पाठवलं. शेवटी जिथे त्याने स्वतः उपचार घेतले होते, तिथल्या रुग्णांकडे तो वळला आणि त्यांच्यासाठी त्याने संघ उभा केला. मला त्यांच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा ही न भरलेली जखम जास्त पटते. दुसऱ्याची पट्टी बदलणारा माणूस रात्री स्वतःची बदलत असणार.

तू विचारलंस, वॉर्डमध्ये प्रार्थना कशी करू, सगळे वेगवेगळ्या धर्मांचे. उघडपणे करूच नकोस, कुणी मागितल्याशिवाय. आजारी माणूस खाटेला खिळलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही. त्याच्यावर आपली भक्ती लादणं मला बरं वाटत नाही. हात धुताना एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मनात म्हणून होतं, तेवढं पुरे. आणखी एक सांभाळ. 'आजाऱ्यात ख्रिस्ताला पाहावं' असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते खरंच आहे. पण बायबलात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान लोक शेवटच्या न्यायाच्या वेळी चकित होतात. प्रभो, आम्ही तुला कधी आजारी पाहिलं, असं विचारतात. त्यांनी ख्रिस्त म्हणून कुणाची सेवा केली नव्हती, समोरच्या माणसाचीच केली होती. तेव्हा तुझ्या रुग्णाला पुण्याची शिडी करू नकोस. त्या आजोबांना पाणी हवं असतं, ते दे, आणि त्यांच्या मुलाची तक्रार ऐक.

सकाळी उठल्यावर, किंवा तुझ्या बाबतीत संध्याकाळी उठल्यावर, तो दिवस देवाला देण्याची, अर्पणाची छोटी प्रार्थना म्हणत जा. तिचा प्रसार कसा झाला ते मला अलीकडेच कळलं. 1844 मध्ये फ्रान्समधल्या व्हाल्स इथे शिकणारे जेज्वीट धर्मसंघातले तरुण दूरदेशी मिशनला जायला इतके उतावीळ झाले होते की अभ्यासात त्यांचं मनच लागेना. त्यांच्या फादरांनी सांगितलं, इथेच बसून रोजचा अभ्यास आणि कंटाळा देवाला द्या, तेही मिशनच आहे. त्यातून पुढे जगभर पसरलेला प्रार्थनासंघ उभा राहिला. आणि शिफ्ट संपली की पाच मिनिटं मागे वळून बघ : कशाबद्दल आभार मानायचे, कुठे चुकलं, उद्या काय. लोयोलाचे संत इग्नाती हे रोज करायला सांगत. मी येताना बसमध्ये करतो. कधीकधी झोप लागते, तीही देवाला माहीत आहे.

कन्फेशनला मात्र जाऊन ये. तीन रविवारांचं ओझं घेऊन फिरतेयस, ते तिथे ठेव. फादर सांगतील त्यातलं किती तुझं आणि किती ड्यूटीचं.

आणि पुढच्या महिन्याची ड्यूटीची यादी पाठव. ज्या रविवारी तुझी सकाळची शिफ्ट असेल, त्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसेन, म्हणजे चषक नीट दिसेल. पाणी पडताना तुझं नाव घेईन. रुग्णांची नावं मात्र कळवू नकोस, ते बरोबर नाही. खाटांचे नंबर पाठव, तेवढ्यावर चालेल.

तुझा,
पप्पा