विषय: प्रीमियम पुरुषाचा, पत्र श्रीमतींना

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (मोटार विमा)

कालच्या फोनच्या शेवटी तुमच्या प्रतिनिधीने मला विचारलं, "आपल्याला अजून काही मदत करू शकतो का?" अजून? आधीची कुठली होती तेवढं कळवा, म्हणजे तिचे आभार मानायचे राहिले असतील तर मानून टाकतो.

चौदा वर्षं मी तुमचा पॉलिसीधारक आहे. क्लेम शून्य. चार महिन्यांपूर्वी माझ्या लायसन्सवर आणि बाकी कागदपत्रांवर लिंगाची नोंद 'स्त्री'ऐवजी 'पुरुष' अशी झाली, नावही बदललं. कुणी मागितलं नसताना मी ते तुम्हाला कळवलं, कारण पॉलिसीच्या अटींत लिहिलंय की माहितीत बदल झाला तर लगेच कळवा. आठव्या दिवशी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, घरी आली. प्रीमियम साडेअकरा टक्क्यांनी वाढला आहे, उरलेल्या मुदतीचा फरक पंधरा दिवसांत भरा, न भरल्यास कव्हर खंडित होऊ शकतं. कारणाच्या रकान्यात: 'चालक तपशिलातील बदल'. पाकिटावर: श्रीमती, आणि पुढे माझं जुनं नाव.

गाडी तीच आहे. ती उभी राहते ती जागा तीच, ऑफिसचा रस्ता तोच, वर्षाचे किलोमीटर तेच. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच आग्रहाने मी गाडीत तुमचा ट्रॅकर बसवून घेतला. करकचून मारलेले ब्रेक, वेग, वळणं, रात्री उशिराचं ड्रायव्हिंग, सगळं तो तुम्हाला कळवतो. माझे गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. कागद बदलला त्या आठवड्यात चौऱ्याण्णव, त्याच्या पुढच्या आठवड्यातही चौऱ्याण्णव. दोन वर्षं रोज माझ्या पायाखाली बसून असलेल्या त्या डबीला माझ्यात काही फरक पडल्याचं कळलं नाही. तो कळला कागदपत्रांचं स्कॅनिंग करणाऱ्या विभागाला.

आता कालचा फोन. तो 'प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड' होतो असं तुमची यंत्रणाच सांगते, तेव्हा कृपया एखाद्याला त्यावरून खरंच प्रशिक्षण द्या. बेचाळीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं नुसती धून होती, ती सोडून द्या. पुढचं ऐका. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पॉलिसी क्रमांक सांगितला. पलीकडून: "मॅडम, आवाज मॅच होत नाहीये, पॉलिसीधारकांना फोन द्या." मी म्हटलं, मीच पॉलिसीधारक, नोंद बदलली आहे, तुमच्या स्क्रीनवर दिसत असेल. "हो, दिसतंय. पण पत्रव्यवहाराच्या सिस्टीमला श्रीमती आहे, रेटिंगच्या सिस्टीमला पुरुष आहे." मग दोन्हीकडे सारखं करा. "रेटिंगचं आपोआप होतं मॅडम, पत्रव्यवहाराचं हाताने करावं लागतं, त्याला पंचेचाळीस दिवस." म्हणजे पैसे वाढवणारा बदल आपोआप होतो, आणि धड नावाने हाक मारायला दीड महिना लागतो.

इथपर्यंत मी शांत होतो. मग त्याने विचारलं, "मॅडम... सर... जे असेल ते, ऑपरेशन झालंय का? अंडररायटिंगला लागेल."

मी विचारलं, कशाला लागेल? तो म्हणाला, जोखीम ठरवायला. व्यवस्थापक महाशय, तुमचं उत्पादन तुम्हाला माहीत आहे असं मी गृहीत धरतो. हा मोटार विमा आहे. गाडी मी दोन हातांनी, दोन पायांनी आणि दोन डोळ्यांनी चालवतो, आणि हे सगळे अवयव पहिल्यापासून होते तसेच आहेत. आणखी कुठल्या अवयवाने क्लच दाबायची सोय तुमच्या माहितीत असेल तर ती गाडीच्या पुस्तिकेत नाही. हे मी त्याला फोनवर म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकत नाही. त्यावर तो, अगदी समजुतीच्या सुरात: "मग एक करता येईल, परत आधीसारखं बदलून घ्या ना. प्रीमियम लगेच कमी होईल." आणि वर: "काय होतं, काही लोक फायद्यासाठी असं बदलतात, म्हणून विचारावं लागतं."

फायद्यासाठी! तशी एक बातमी मीही वाचली आहे. २०१८ साली कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात एका तरुणाने निव्वळ विमा स्वस्त पडावा म्हणून कागदोपत्री स्वतःला स्त्री करून घेतलं होतं. पण तो स्वस्ताच्या दिशेने गेला होता. मी महागाच्या दिशेने आलोय. साडेअकरा टक्के जास्त भरता यावेत म्हणून लबाडी करणारा ग्राहक तुम्हाला याआधी भेटला असेल तर त्याची-माझी गाठ घालून द्या.

त्या रात्री मी तुमच्या वेबसाइटवर नव्या प्रीमियमचा कोट काढून पाहिला. एकदा नाही, तीनदा. वय, गाडी, पत्ता, नो क्लेम बोनस, सगळं तेच ठेवलं आणि फक्त एक रकाना बदलला. स्त्री: जुना आकडा. पुरुष: नवा आकडा. इतर: तोच नवा आकडा, पैशाचाही फरक नाही. 'इतर' म्हणवणाऱ्यांच्या अपघातांची अशी कुठली आकडेवारी तुम्ही गोळा केलीत, की ती पुरुषांच्या आकडेवारीशी पैशापैशाने जुळावी? मला वाटतं कुठलीच नाही. माहिती नसली की महागातला खण उघडायचा, एवढंच ते गणित आहे.

तुमच्या वरिष्ठांच्या मेलमध्ये एकच वाक्य होतं: 'लिंग हा जगभर मान्य असलेला जोखीम घटक आहे.' जगभर म्हणजे कुठे कुठे? युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी, बेल्जियममधल्या एका ग्राहक संघटनेने लढवलेल्या खटल्यात, विमा कंपन्यांना मिळालेली ही मुभा रद्द केली. २१ डिसेंबर २०१२ पासून तिथल्या नव्या करारांत स्त्री-पुरुष म्हणून वेगळा दर लावता येत नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनीच प्रस्ताव १०३ मंजूर करून वाहन विम्याचा क्रम लावून दिला: आधी चालकाचा सुरक्षिततेचा इतिहास, मग तो वर्षाला किती अंतर चालवतो, मग किती वर्षांचा अनुभव. आणि १ जानेवारी २०१९ पासून तिथे खासगी गाडीच्या विम्यात लिंग धरणंच बंद झालं. तुमच्या वरिष्ठांचा नकाशा जुना आहे.

मी आकडेवारीला खोटं म्हणत नाही. तरुण पोरं गाड्या बेफाम हाणतात, गंभीर अपघातांत मुलींपेक्षा त्यांचं प्रमाण जास्त असतं, हे खरंच आहे. पण तो फरक विशीच्या आसपास सर्वांत मोठा असतो आणि वय वाढेल तसा आटत जातो. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. पोरं ज्या वयात गाड्या हाणतात त्या वयात मी तुमच्याच धंद्याच्या हिशेबाने मुलगी होतो. आता कुठल्या वर्षांचा दंड वसूल चाललाय?

माझी बहीणही तुमचीच ग्राहक आहे, मीच आणलेली. तिचा पुढचा बंपर तुमच्या सर्व्हेअरला तोंडपाठ असेल. तिला हे पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, तुझ्या भांडणापायी आमची सवलत जाईल, आणि पोरांना अक्कल येईपर्यंतचा खर्च आम्ही बायकांनी का भरायचा? प्रश्न बरोबर आहे, मी तो टाळत नाही. म्हणून तर म्हणतोय, तिची गाडी बघा, माझी गाडी बघा आणि दर लावा. पूर्वी हे कळायला मार्ग नव्हता म्हणून स्त्री-पुरुष असे ढोबळ दोन ढीग करून काम भागवलं, ते मी समजू शकतो. आता मार्ग आहे, तो तुम्हीच विकता, त्याची जाहिरात 'जसं चालवाल तसं भरा' अशी तुम्हीच करता. चौऱ्याण्णव गुण समोर असताना तुम्ही ढिगाकडे बघता, याला जोखीम मोजणं म्हणत नाहीत.

आणि पाकिटावर अजूनही श्रीमती! काल परत एक आलं. फरकाच्या रकमेचं स्मरणपत्र, वाढ पुरुष म्हणून, मायना 'आदरणीय श्रीमती'. मी कोण आहे हे तुमच्या दोन खात्यांनी आधी आपसांत ठरवावं. मी श्रीमती असेन तर साडेअकरा टक्के परत करा, पुरुष असेन तर नीट नावाने लिहा. दोन्हीकडून जे तुमच्या सोयीचं तेवढंच घ्यायचं, असं चालणार नाही.

वाढ ज्या आकडेवारीवर केली ती मला लेखी हवी आहे: माझ्या वयोगटाची, माझ्या अंतराची, माझ्यासारख्या क्लेम इतिहासाची. 'इतर'चा दर कसा काढला तेही. फोनवरचा तो प्रश्न कुठल्या नियमात बसतो, त्याचं उत्तर तुमच्या सहीने हवं, प्रतिनिधीच्या नव्हे. त्या पोराची नोकरी मला नको आहे, त्याच्यासमोर जे वाचायला ठेवलंय ते ज्याने लिहिलं त्याचं नाव हवं आहे. फरकाची रक्कम मी निषेध नोंदवून भरली आहे, कव्हर खंडित होऊ नये एवढ्यासाठीच. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रकरण विमा लोकपालांकडे जाईल, रेकॉर्डिंगच्या मागणीसकट. रिन्यूअलला मी नो क्लेम बोनस घेऊन दुसरीकडे जाणारच आहे, तो गाडीच्या मागे नाही, माझ्या मागे येतो. बहिणीला मात्र तुमच्याकडेच ठेवतो. तेवढी शिक्षा पुरे.

यापूर्वीच्या माझ्या तीनही तक्रारींवर तुमच्या ॲपमध्ये 'निराकरण झाले' असा हिरवा शिक्का आहे. या पत्रावर तो मारण्याआधी एवढं लक्षात ठेवा: उत्तराच्या पाकिटावर पुन्हा ते जुनं नाव दिसलं तर मी ते न उघडता परत पाठवीन, 'या नावाची व्यक्ती इथे राहत नाही' असा शेरा मारून. मग ज्याच्याकडून तुम्ही साडेअकरा टक्के जास्त घेता तो पुरुष नेमका कुठे राहतो, हे तुमचं तुम्ही शोधा.

आपला,
(अजून सात महिने) पॉलिसीधारक