छाटणीआधी झाडाखालची जमीन पाहा

संपादक महोदय,

राणीच्या बागेत पेंग्विनसाठी रांग लावणाऱ्यांपैकी फार थोडे मान वर करतात. केली, तर मोठ्या झाडांच्या शेंड्यांत रातबगळ्यांची वसाहत दिसेल. हे पाळलेले नव्हेत, आपखुशीने राहणारे जंगली पक्षी. पाठ आणि टाळू काळी, डोळा लालभडक. दिवसभर मान खांद्यात रुतवून बसतात आणि दिवेलागणीला ‘क्वाक्’ करत चरायला निघतात. शेजारी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला पक्षी दिसला तर ते त्यांचेच पिल्लू.

पांढऱ्या बगळ्यांची ओळख चोच आणि पाय पाहून पटते. लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे, पंजे मात्र पिवळे, मोजे घातल्यासारखे. गायबगळ्याची चोच आखूड, पिवळी. विणीच्या दिवसांत डोके, मान नारिंगी होते. वंचक हा बगळा चिखलाच्या रंगाचा, उडाला की एकदम पांढराशुभ्र. उडताना मान दुमडलेली असेल तर बगळा, लांब ताणलेली असेल तर करकोचा किंवा शराटी.

आता मुद्द्याचे. या बगळ्यांची वीण मे-जूनपासून सुरू होते आणि नेमकी तेव्हाच शहरोशहरी पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालते. अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सव्वादोन ते अडीच महिने जातात. मध्ये फांदी पडली की सगळी पिल्ले खाली. म्हणून करवत लावण्याआधी झाडाखालची जमीन पाहावी: चुन्यासारखी पांढरी विष्ठा, माशांचा उग्र वास, फिकट निळसर-हिरव्या कवचांचे तुकडे. वर दुर्बीण लावावी. घरटे इतके विरळ असते की काटक्यांतून कधी कधी अंडीही दिसतात. एवढी पाहणी दहा मिनिटांत होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार जंगली पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे ‘शिकार’ ठरते, याचा सोसायट्यांना आणि ठेकेदारांना पत्ताच नसतो. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात असली तरी हा कायदा सुटत नाही. छाटणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावी. धोकादायक फांदी असेल तर तेवढीच काढावी, तीही तिच्यावर घरटे नसल्याची खात्री करून.

वास येतो, गाड्या रंगतात, ही तक्रार खोटी नाही. पण त्यासाठी अडीच महिने गाडी दुसरीकडे लावणे किंवा वर ताडपत्री बांधणे पुरते.

पिल्लू पडलेच, तर दूध-पाव देऊ नये, चोच उघडून पाणीही ओतू नये; श्वासनलिकेत जाते. आधी जाड टॉवेल टाकून डोके धरावे, कारण बगळ्याचे पिल्लूसुद्धा थेट डोळ्यावर चोच मारते. घाबरून ते मासे ओकेल, तो आजार नव्हे. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

– एक पक्षीनिरीक्षक, भायखळा