पाड्यासाठी निधी जमवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आली की शहरांतील गृहसंकुलांत आणि महाविद्यालयांत आदिवासी पाड्यांसाठी मदतीची आवाहने झळकू लागतात. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यासाठी गेली काही वर्षे निधी जमवणाऱ्या गटात मीही आहे. त्या अनुभवातून, विशेषतः आमच्या हातून झालेल्या चुकांतून, जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

पहिल्या वर्षी आम्ही टेम्पो भरून कपडे नेले. त्यांत जरीचे घागरे होते, चेन तुटलेल्या पँट होत्या आणि एक शेरवानीही होती. पाड्यावरच्यांनी सारे मुकाट्याने उतरवून घेतले. परतताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक बाई डवऱ्याशी बसलेली दिसली. हातभर खोल खड्ड्यात झिरपलेले पाणी ती वाटीने हंड्यात भरत होती, हंड्याच्या तोंडाला फडके बांधलेले होते, आणि वाटी बुडण्याइतके पाणी पुन्हा साचेपर्यंत ती नुसती बसून राहत होती. या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरणही याच तालुक्यात आहे. पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ असल्याने पाणी मुरत नाही, आणि पाडे धरणापेक्षा उंचावर असल्याने साठलेले पाणी त्यांच्या उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही सौरपंप बसवला. उद्घाटन झाले, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. दोन उन्हाळे पंप उत्तम चालला आणि तिसऱ्याच्या ऐन मे महिन्यात त्याचा कंट्रोलर जळाला. दुरुस्ती कोणी करायची, कारागीर कोठून आणायचा, पैसे कोणी द्यायचे, यांतले काहीच ठरलेले नव्हते, कारण पंप हवा की जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, हे आम्ही पाड्याला विचारलेच नव्हते. विचारले असे आम्हाला वाटत होते खरे. पण आमची बैठक दिवाळीनंतर झाली, तेव्हा निम्मी घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली होती आणि समोर होती ती म्हातारी माणसे आणि लहान मुले. आता आम्ही आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर, माणसे घरी असताना बसतो.

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित, क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा (अशा क्षेत्रांना पंचायत व्यवस्था लागू करणाऱ्या) कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पुष्कळ अधिकार दिले आहेत; ग्रामसभेला स्वतःचा कोषही ठेवता येतो. असे असताना शहरातल्या गटाने निधी आपल्याच खात्यात ठेवून, ठेकेदार आपणच नेमून, काम उरकून यावे, हे मला चुकीचे वाटते. ग्रामसभेत निर्णयाला वेळ लागतो, वाद होतात, एकदा तर निव्वळ विहिरीच्या जागेवरून आमचा अख्खा हंगाम वाया गेला. तरीही त्या वादातून ठरलेली जागाच योग्य निघाली, कारण उन्हाळ्यात झरा कुठे टिकतो हे तिथल्या बायकांना ठाऊक होते, आम्ही नेलेल्या अभियंत्याला नव्हते.

हिशेबाबद्दलही दोन शब्द. नोंदणीकृत न्यास नसताना जनतेकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळांना हे पाठ असते, पाड्यांसाठी पैसे जमवणाऱ्या उत्साही तरुणांना बहुधा नसते. आमचा हिशेब आम्ही संकुलाच्या सूचनाफलकावर लावतो आणि त्याची एक प्रत पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवरही लावतो. जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढतो. देणगीदारांना हे फारसे रुचत नाही, कारण दुरुस्तीच्या पैशांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

यंदाच्या बैठकीत पाड्याने कपडे आणू नका, असे स्पष्ट सांगितले. विहिरीचा रहाट बदलायचा आहे आणि कठडा एका बाजूने खचला आहे. दगड आणि मजुरी ते देणार, सिमेंट आणि लोखंडाचे पैसे आम्ही जमवायचे. आमच्या फलकावर या वेळी तेवढेच लिहिले आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली