112 लावायला आधी शून्य कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या अंकात कार्यालयं आणि रुग्णालयांमधल्या आगप्रतिबंधक व्यवस्थेवर बराच मजकूर आला. सिलिंडरची मुदत, जिन्यातली अडगळ, कुलूप लावलेले मागचे दरवाजे, सगळं त्यात होतं. टेबलावरच्या फोनबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि नाशिकच्या नर्सिंग होममध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीतले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारा बॉक्स, बसवण्यात नि दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून हे पत्र.

ऑफिसातला फोन उचलला की ऐकू येतो तो टोन आतल्या बॉक्सचा. बाहेरची लाईन हवी तर आधी शून्य, मग नंबर. नऊ दाबला की ऑपरेटर. रोज तिथे बसणाऱ्याच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. रात्रपाळीचा नवा वॉचमन, पेशंटपाशी बसलेली त्याची बायको, लॉजवर उतरलेला पाहुणा यांना ते कुठून ठाऊक असणार? ते सरळ आणीबाणीचा 112 दाबतात आणि टूं-टूं ऐकत बसतात.

ही त्यातल्या त्यात बरी अवस्था. कित्येक छोट्या ऑफिसांत एक्स्टेन्शनचे, म्हणजे आतल्या फोनचे, नंबरच 101 पासून सुरू होतात. अंबडच्या एका कारखान्यात जुना बॉक्स काढून नवा बसवायचा होता. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना मी सहज विचारलं, "काका, आग लागली तर कुठला नंबर लावाल?"

"101. एवढं माहितेय की!"

"लावा बरं."

त्यांनी लावला. आतल्या केबिनमध्ये घंटी वाजली आणि स्पीकरवर मालकांचा आवाज आला, "हां, बोला." काका खुर्चीतून ताडकन उभेच राहिले. त्याच ऑफिसात 108 म्हणजे स्टोअर होतं आणि 112 म्हणजे अकाउंट्सच्या मॅडम. रात्री दोन वाजता यांतलं कोण फोन उचलणार होतं?

अमेरिकेत याची किंमत एका बाईने मोजली. 1 डिसेंबर 2013 रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावी, मोटेलच्या खोलीत केरी हंट हिच्यावर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने चाकूहल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा 911, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावला. तो लागलाच नाही, कारण त्या मोटेलात बाहेरच्या लाईनसाठी आधी 9 दाबावा लागे. पोरीला शिकवलं होतं तेच तिने बिनचूक केलं होतं. केरी गेली. तिचे वडील हँक हंट यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि 16 फेब्रुवारी 2018 रोजी केरीच्या नावाने कायदा झाला. 16 फेब्रुवारी 2020 नंतर तिथे बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रणेतून 911 थेट लागलाच पाहिजे.

आपल्याकडे हेच करायला नवा बॉक्सही बहुधा लागत नाही, प्रोग्रॅमिंग लागतं. एक्स्टेन्शनचे नंबर 1 ने सुरू करायचे नाहीत, 201 किंवा 301 पासून द्यायचे. मग 1 हा आकडा मोकळा राहतो. त्यानंतर 100, 101, 108 आणि 112 हे नंबर बॉक्समध्ये असे भरून ठेवायचे की कुठल्याही एक्स्टेन्शनवरून, त्याला बाहेरची लाईन बंद असली तरी, बॉक्सने स्वतः मोकळी लाईन पकडून ते पुढे पाठवावेत. सवयीने कुणी आधी शून्य लावलं तरीही कॉल गेला पाहिजे. तो कुठल्या एक्स्टेन्शनवरून गेला हे रिसेप्शनच्या फोनवर दाखवायची सोय बॉक्समध्ये असेल तर तीही चालू करून घ्या. कंट्रोल रूमला लाईनवरून फार तर इमारतीचा पत्ता कळेल, चौथ्या मजल्यावरची खोली कळणार नाही.

आता दुसरं शून्य. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला फोन करताना आधी 0 लावणं सक्तीचं झालं. म्हणजे एक्स्टेन्शनवरून दोन शून्यं: पहिलं बॉक्सचं, दुसरं टेलिफोन खात्याचं. गंमत अशी की एसटीडीचं, म्हणजे परगावच्या कॉलचं, कुलूप वर्षानुवर्षं त्या दुसऱ्या शून्यावरच घातलेलं होतं. बिलाच्या धाकाने घातलेलं ते कुलूप एका रात्रीत सगळ्या मोबाईलवर बसलं. मोबाईल 6, 7, 8, 9 ने सुरू होतात म्हणून तेवढेच उघडावेत, तर 07 सोबत नागपूरचा 0712 ही उघडतो. अहो, उघडू द्या! आताच्या प्लॅनमध्ये नागपूरला कोण वेगळे पैसे लावतंय? बंद ठेवायचं ते परदेशचं 00, आणि ते मात्र घट्ट बंद ठेवा. चोर तिथूनच शिरतात आणि बिल तुमच्या नावावर फाडतात.

या भानगडीत कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट म्हणजे मेमरीत भरलेले नंबर. एका नर्सिंग होममध्ये काउंटरच्या फोनवर लाल स्टिकरचं बटण होतं, 'ॲम्ब्युलन्स'. आत ड्रायव्हरचा मोबाईल नंबर भरलेला, जुन्या पद्धतीने, दुसऱ्या शून्याशिवाय. बटण दाबलं की नंबरआधी शून्य लावा म्हणून सांगणारी बाई बोलायची. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ते बटण चालत नाही, आम्ही आमच्या मोबाईलवरून लावतो." स्टिकर तसाच होता.

मोबाईल सगळ्यांकडे असतात, हे मालक मंडळींचं ठरलेलं उत्तर. बेसमेंटमधल्या एक्स-रेच्या खोलीत रेंज आहे का ते त्यांनी एकदा उभं राहून बघावं. कित्येक कारखान्यांत तर कामगारांचे मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. तिथे भिंतीवरचा फोन हाच काय तो फोन.

लाईन फायबरवर गेली असेल तर आणखी एक. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, फायबरच्या डब्याला ती तुमच्या भिंतीतल्या प्लगमधून लागते. बॉक्सला बॅटरी आणि त्या डब्याला काहीच नाही, अशी जोडणी मी पुष्कळ ठिकाणी पाहिली. दिवे गेले की बाहेरची लाईनही जाते.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या तपासणीत पंप चालवून बघतात, अलार्म वाजवून बघतात. तेव्हाच कुठल्याही एका एक्स्टेन्शनवरून 112 लावून बघावा आणि समोरून उचलल्याबरोबर "ही चाचणी आहे" असं स्पष्ट सांगावं. उगाच चार-चार वेळा लावून त्यांची लाईन अडवू नये. महापालिकेच्या अग्निशमन विभागाने प्रमाणपत्रासोबत ही एक नोंद मागितली तर मालक आपोआप हलतील. सरकारी दवाखान्यांसाठी बॉक्स घेताना टेंडरमध्येही ही अट घालावी. पोर्ट किती आणि बॅटरी किती तास, हे तर त्यात लिहितातच.

या कामाला तंत्रज्ञ बोलवाल तेव्हा बॉक्सचा प्रोग्रॅमिंग पासवर्ड आधी शोधून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो ज्याने बॉक्स बसवला त्याच्याच डायरीत असतो आणि त्याने तोवर धंदा बदललेला असतो. पासवर्ड मिळाला नाही तर बॉक्स रीसेट करून सगळं पहिल्यापासून भरावं लागतं, आणि त्यात दिवस जातो. मिळाल्यावर तो बदलून घ्या, 1234 ठेवू नका आणि ऑफिसच्या फाईलमध्ये लिहून ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ईपीएबीएक्स तंत्रज्ञ,
सातपूर, नाशिक