हिरोच्या नावावर प्राइम टाइम कशाला देता?

संपादकसाहेब, नमस्कार.

अलका टॉकीजला फर्स्ट डे फर्स्ट शोसाठी सकाळपासून लाइनीत उभा राहणारा माणूस मी. तेव्हा पोस्टरवर हिरो कोण एवढंच बघायचो, पिक्चर कसाय असं कोणी विचारायचंच नाही. आता नावावर कोणी जात नाही हो. 2025 च्या ईदला सलमानचा सिकंदर लागला, पहिल्याच आठवड्यात कोथरूडला संध्याकाळच्या शोला गेलो तर मोजून 19 माणसं, पुढच्या रांगा अख्ख्या रिकाम्या. त्याच वर्षी जुलैत सैयारा आला, त्यातला अहान पांडे कोण हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, पोरगी नुसती गाणी ऐकून गेली आणि दोनदा गेली. शाहरुखचे पठाण, जवान हजार कोटींच्या वर गेले हे मान्यच आहे, पण त्याच 2023 सालात त्याचाच डंकी त्यांच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही ना. हिरो तोच होता की.

कारण सरळ आहे, चौघं गेलो की तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून दीड-दोन हजार जातात, आणि दोन महिन्यांत तोच पिक्चर घरी टीव्हीवर येतो. मग माणूस आधी ग्रुपवर विचारणार, कसाय, आणि मगच बुकिंग करणार.

मला वाईट याचं वाटतं की हे सगळं दिसत असूनही मोठ्या नावाचा हिंदी पिक्चर आला की संध्याकाळचे सगळे शो त्याला, आणि मराठी सिनेमा सकाळी साडेदहाला, नोकरीवाल्याने जायचं कधी? 2015 ला सरकारने दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये मराठीला एक शो द्यायला सांगितलं होतं, तर थिएटरवाले दुपारी बाराचा देऊन मोकळे होतात. अहो सैराटमध्ये कोण स्टार होतं? रिंकू आणि आकाश दोघंही नवखे, तरी पुणं वेडं झालं होतं. बाईपण भारी देवाला बायकोच्या भिशीतल्या 14 जणी नटूनथटून गजरे माळून गेल्या, इंटरव्हलला जिन्याजवळ फुगड्या घातल्या, तिकीट फाडणारा पोरगापण बघत उभा!

थिएटरवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्या आठवड्यात मराठीला संध्याकाळी सात-साडेसातचा एक तरी शो द्या. रिकामा गेला तर सोमवारी खुशाल काढा, मी तक्रार करणार नाही.

— एक सिनेमावेडा, कोथरूड, पुणे