‘आपण काय कामगार आहोत का?’

प्रिय सई,

ऑफिसातल्या कर्मचारी संघटनेच्या सभासदत्वाचा अर्ज अजून भरला नाहीस, असं काल फोनवर म्हणालीस. ‘आपण काय कामगार आहोत का?’ हे तुझं वाक्य काही मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मध्यमवर्गीय आयुष्य नुसत्या पगाराच्या आकड्यावर उभं नसतं. पुढच्या महिन्यातही पगार येईल, आजारपणात रजा मिळेल, म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढी खात्री असली की माणूस घरासाठी कर्ज काढायला धजावतो. ही खात्री मालकांनी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणलं, तरी रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० उजाडलं. तुझ्या नेमणूकपत्रात मात्र ती न मागता छापून आली.

१९५० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये वॉल्टर रूथर यांच्या मोटार कामगार संघटनेनं जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. पगारवाढ महागाईशी जोडली गेली, निवृत्तिवेतन आलं, आरोग्यविम्यात कंपनीचा वाटा आला. इतर कंपन्यांनाही त्याच वाटेनं जावं लागलं. त्या दशकात अमेरिकेत साधारण तीन कर्मचाऱ्यांमागे एक जण संघटनेत होता. आज दहांत एक. दरम्यान तिथली विषमता वाढत गेली. यंत्रं आली, कारखाने परदेशी गेले, हे खरंच. पण पगाराची बोलणी करायला कुणी उरलं नाही, हेही मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. डेन्मार्कमध्ये तर किमान वेतनाचा कायदाच नाही, तिथे ते संघटनांच्या करारांतून ठरतं.

आमच्या ऑफिसात मागणीपत्र तयार करताना आम्ही सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपा शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकच काम, नोकरीची वर्षंही तितकीच, तरी दोघींच्या मूळ पगारात चांगलाच फरक. दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. आपल्या पगाराबद्दल कुणाशी बोलू नये अशी सवयच लावलेली असते ना! एकटीनं साहेबांकडे जाऊन हा फरक कधीच कळला नसता, मग मिटणं दूरच.

संघटनांमध्ये दोष असतात, ते मी झाकणार नाही. काही ठिकाणी पुढारी वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नाहीत, वर्गणीचा हिशेब मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कायम नोकरीवाल्यांचं भलं करताना कंत्राटी लोकांना वाऱ्यावर सोडलं जातं. पण हे बाहेर राहून सुधारत नाही.

अर्ज भरण्याआधी मागचा वेतनकरार मागून घे. महागाई भत्ता कशावरून ठरतो ते बघ, आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्या कंत्राटी मुलीला तो करार लागू आहे का, तेही बघ. नसेल, तर सभासद हो आणि पहिल्याच बैठकीत तेवढं विचार.

तुझी,
आई